बिनऔषधाची वांगी

माधवीने गच्चीवर बाग लावायचं ठरवलं, त्याला कारण झाली तिची नणंद. भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांसाठी, म्हणजे गौरींसाठी, साधनाताई अकोल्याहून अमरावतीला आल्या होत्या. सोळा भाज्या चिरून झाल्या, कढी उकळली, आणि ऐन वेळी लक्षात आलं की सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणायचा राहिलाच. माधवीचा नवरा, ललित, स्कूटर काढून कठोरा नाक्याकडे पळाला. साधनाताई जमलेल्या बायकांसमोर हसत म्हणाल्या, "हिवरखेडच्या वावरवाल्यांची पोरगी आमच्या घरी आली, अन् घरात सांभाराची एक काडी नाही!"

सगळ्या हसल्या. माधवीही हसली, पण तिचे कान गरम झाले.

खरं सांगायचं तर माधवीला शेतातलं काही म्हणजे काहीच येत नव्हतं. हिवरखेडला वडिलांचं चांगलं काळंभोर वावर होतं, पण पोरींनी वावरात गेलेलं त्यांना खपत नसे. ती अकोल्याला शिकली, लग्न होऊन अमरावतीला आली आणि आता एका खाजगी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवत होती. कॉलनीतल्या बायका मात्र 'तुमच्याकडे तर शेती आहे' म्हणत तिला तुरीच्या डाळीपासून कापसाच्या भावापर्यंत काहीही विचारत, आणि तीही काहीतरी सांगून मोकळी होई. 'मला माहीत नाही' हे शब्द तिच्या तोंडून निघतच नसत. वर्गात नाही, घरात नाही, कॉलनीतही नाही.

महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं आणि तिने धाकट्या भावाला, शिवमला, फोन लावला. घरचं वावर आता तोच पाहत होता.

"दोन-चार पोते माती आणून दे वावरातली. गच्चीवर भाजीपाला लावते म्हनते मी."

"तू?" शिवम हसायला लागला. "कुंडीत काळी माती नाई चालत, ताई. दगड होऊन जाते ते."

"तू आन तर. मले समजते."

त्याने आणली. माधवीने कुंड्या गच्च भरल्या, मेथी टाकली, सांभार टाकला, बाजारातून आणलेली टमाटरची रोपं लावली आणि सकाळ-संध्याकाळ बादलीने पाणी घातलं. पाणी खाली उतरेना. वर चिखल साचून राहिला, मेथी उगवून आडवी पडली, टमाटरची पानं पिवळी झाली. मग तिने पाणी थांबवलं, तर माती तडकली. भेगा इतक्या रुंद की बोट आत जाईल. शिवमचं म्हणणं खरं निघालं होतं, पण ते त्याला कळवायची तिला इच्छा झाली नाही. मेलेली रोपं तिने पाण्याच्या टाकीमागे नेऊन टाकली, शेजारच्या गच्चीवरून कोणाला दिसायला नकोत म्हणून.

नंतर नर्सरीवाल्याला विचारून तिने सगळी माती उपसली, त्यात रेती आणि शेणखत कालवलं, कुंड्यांना खालून भोकं पाडली. हात फुटले, कंबर धरली. पण या वेळी सांभार उगवला. एवढी एवढी दोन पानं, मग ती झालरीची पानं, आणि एका रविवारी पोह्यांवर घालण्याइतका. माधवीने त्याचा फोटो काढून साधनाताईंना पाठवला. त्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. माधवी दिवसभर कारण नसताना गच्चीवर जाऊन येत होती. ललित म्हणाला, "इतकी खूश तर तू बीएडच्या निकालालाही नव्हतीस." आणि ते खरंच होतं. त्या सांभारात काही खोटं नव्हतं.

दिवाळीनंतर वांगी लागली. जांभळी, काटेरी देठाची, लहान लहान. मग फोटो नणंदेपुरते राहिले नाहीत, कॉलनीच्या ग्रुपवर जायला लागले. पहिल्या फोटोखाली माधवीने लिहिलं होतं, 'घरची वांगी. एक थेंब औषध नाही.' त्यावर इतके हात जोडलेले, इतकी फुलं आली की दुसऱ्या फोटोखालीही तिने तेच लिहिलं. हळूहळू बायका 'माधवीताईंची बिनऔषधाची बाग' असंच म्हणू लागल्या. शाळेतही तिने नववीच्या वर्गात कीटकनाशकं आणि आपलं अन्न यावर आपल्या गच्चीचं उदाहरण देऊन शिकवलं.

या बागेवर सगळ्यात जास्त जीव होता तो शेजारच्या प्रणालीचा. लग्नाला तीन-चार वर्षं झालेली, बोलकी पोरगी. नवरा पियुष मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. पियुषची आई, तानुबाई, गावाकडे वलगावला राहायच्या, पण पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली, दवाखाना झाला, आणि तेव्हापासून त्या मुलाकडेच होत्या. जेवण जात नव्हतं. दिवसभर अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसायच्या. प्रणाली त्यांच्यासाठी कधी पालकाची जुडी, कधी दोन-चार भेंड्या मागून न्यायची. "डॉक्टर म्हणाले, औषध मारलेलं शक्यतो देऊ नका," ती सांगायची. "ताई, तुमची बाग आहे म्हणून बरं."

डिसेंबर संपता संपता वांग्यांवर मावा पडला.

आधी माधवीला कळलंच नाही. पानं आत वळली, चिकट झाली. पान उलटून पाहिलं तर खाली हिरवट-काळ्या किड्यांची रांगोळी. तिने निंबोळीचं तेल मारलं, साबणाचं पाणी मारलं, राख उधळली. दोन दिवस कमी वाटायचं, पुन्हा तेच. आणि इकडे तिने ग्रुपवर जाहीर करून टाकलं होतं की या वर्षीचं संक्रांतीचं हळदीकुंकू आपल्याकडे, गच्चीवर, बागेत. वाण म्हणून प्रत्येकीला वांग्याचं एकेक रोप. साधनाताई अकोल्याहून येणार होत्या.

हळदीकुंकवाच्या आठवड्यात शिवम विहिरीवरच्या मोटारीच्या कामासाठी अमरावतीला आला. गच्चीवर चढून त्याने एक पान उलटं केलं आणि मान हलवली.

"याले निंबोळीनं काही होत नाई आता. उपटून फेक, दुसरे लाव."

"रविवारी बायका येऊन राहिल्या पाह्यले. उपटून काय दाखवू त्यायले?"

शिवमने खूप आढेवेढे घेतले. शेवटी पिकअपमधून त्याने शीतपेयाची एक जुनी बाटली काढली, तळाशी बोटभर औषध होतं. कपाशीवरचं.

"हे खायच्या वस्तूवर मारायचं नसते, ताई. तू आयकत नाई म्हून देऊन राहिलो. तोंडाले फडकं बांध. अन् मारल्यावर पंधरा दिवस एकही वांगं तोडू नको. समजलं का?"

"समजलं. मी काय खायले मारून राहिली का? दिसायपुरतं."

बुधवारी शाळेत जाण्याआधी तिने ते मारलं. काच पुसायच्या फवाऱ्यातून, नाकाला ओढणी बांधून. वास मात्र ओढणीला जुमानणारा नव्हता. खाली शेजारच्या अंगणात तानुबाई येऊन बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"काय व माधवी, कपाशीवर मारतात तसा वास कायचा येऊन राहिला?"

माधवीने फवारा कठड्याखाली धरला. "फिनाईल आहे मावशी. गच्ची धुवून राहिली."

"असं का," तानुबाई म्हणाल्या आणि पुन्हा उन्हाकडे तोंड करून बसल्या.

दुसऱ्या दिवशी मावा साफ झाला. पानं उघडली, चमकायला लागली. ललितने रात्री जेवताना विचारलं, "वांगी एवढी लटकली आहेत, आपल्याकडे का होत नाहीत?" ती म्हणाली, "रविवारपर्यंत राहू द्या. भरलेली झाडं दिसली पाहिजेत." आणि ताटात बाजारातल्या बटाट्याची भाजी वाढली.

रविवारी वीस-पंचवीस बायका आल्या. गच्चीवर सतरंज्या, मधे रांगोळी, तिळगुळाचे डबे, कठड्याला लागून कुंड्यांची रांग. ऊन उतरलं होतं आणि वांग्याची झाडं त्या उजेडात खरोखर देखणी दिसत होती. बायकांनी झाडांसोबत फोटो काढले. साधनाताईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मी टोमणा मारला म्हणून ही बाग झाली बरं का! श्रेय माझं." त्या मनापासून कौतुकाने बोलत होत्या. माधवीला इतकं बरं वाटलं की औषधाची गोष्ट तिच्या मनाच्या पार मागे गेली.

तेवढ्यात प्रणाली वांग्याच्या झाडाशी वाकली होती. कोणी काही म्हणायच्या आत तिने देठ पिरगाळून एक वांगं तोडलं, मग दुसरं.

"ताई, आईंसाठी चार नेऊ का? सकाळपासून म्हणून राहिल्या, भरलं वांगं खावंसं वाटतं. इतक्या महिन्यांनी स्वतःहून काही मागितलं त्यांनी."

माधवीच्या हातात हळदीकुंकवाचा करंडा होता. तिने तोंड उघडलं. आजूबाजूला पाच-सहा जणी होत्या. साधनाताई अगदी शेजारी. कोणीतरी म्हणालं, "ने ने, बिनऔषधाचे आहेत, आजारी माणसाला अजून काय पाहिजे!" एक वाक्य पुरलं असतं. 'नको नेऊ, औषध मारलंय.' पण ते वाक्य म्हटलं की त्याच्यामागे सगळे फोटो, त्याखालचं लिहिलेलं, वर्गात शिकवलेलं, सगळं एकदम उघडं पडणार होतं.

"घे ना," माधवी म्हणाली. "विचारायचं काय त्यात?"

प्रणालीने चार वांगी पदरात घेतली. इतर कोणी तोडायच्या आत माधवीने बायकांना घाईने खाली चहाला नेलं.

बायका गेल्या, साधनाताई अकोल्याच्या गाडीला निघाल्या, आणि घर शांत झालं तशी तिला ती चार वांगी आठवली. ती स्वतःला समजावू लागली. धुतील ना. शिजवतील ना. उद्या करतील, तोवर काही सुचेल. मग उठली, साधनाताईंनी जेवणात मागितलीच तर म्हणून बाजारातून आणून फ्रिजमध्ये ठेवलेली वांगी पिशवीत घातली आणि शेजारी गेली. रस्त्यात तिने वाक्य जुळवलं: मघाची किडकी निघाली असतील गं, ही घे, ती दे परत. म्हणजे तेव्हाही ती खरं सांगायला निघालीच नव्हती.

दार उघडंच होतं. आत मसाल्याचा वास सुटला होता. तानुबाई पाटावर बसल्या होत्या, समोर ताट. भाकर, आणि तेलात चकाकणारं भरलं वांगं. त्यांनी एक संपवलं होतं, दुसऱ्याचा देठ धरून चोखत होत्या.

"ये व माधवी, ये," त्या म्हणाल्या. "लय दिवसानं तोंडाले चव आली, माय. तुया हातचं पीक गोड हाय."

प्रणाली स्वयंपाकघरातून हसत बाहेर आली. "पाहा ना ताई, अर्धी भाकर गेली! पियुष आले की त्यांना दाखवते." तिचं लक्ष पिशवीकडे गेलं. "हे काय आणलं?"

"काही नाही," माधवी म्हणाली. "बाजारातून येत होते."

ती तिथे उभी राहिली. तानुबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, तोंडात घातला. माधवी पाहत राहिली. 'मावशी, थांबा' एवढंच म्हणायचं होतं. पण म्हणाली ती हे: "मावशी, रात्रीचं जास्त नका खाऊ. पचायला जड असतं."

"जड काहून? बिनऔषधाचं हाय ना," तानुबाई म्हणाल्या आणि तिसरं वांगं मागितलं.

सकाळी शेजारी ऑटो आल्याचा आवाज आला. माधवी खिडकीशी गेली. पियुष आईला उचलून आणत होता. तानुबाईंची मान खांद्यावर पडली होती, तोंडातून लाळ गळत होती. मागून प्रणाली टॉवेल आणि बादली घेऊन. ती गाडीत बसेपर्यंत रडत होती.

"काय झालं?" ललितने खाली जाऊन विचारलं आणि परत येऊन सांगितलं, "पहाटेपासून उलट्या आहेत म्हणे. कावीळ उलटली वाटतं." माधवीने शाळेत फोन करून रजा सांगितली. थर्मासमध्ये चहा भरला. हे सगळं करताना तिचे हात नीट चालत होते, याचंच तिला आश्चर्य वाटलं.

ललितसोबत ती दवाखान्यात पोचली तेव्हा वॉर्डाबाहेर पियुष उभा होता. बाकावर तानुबाईंचे भाऊ जानराव वलगावहून येऊन बसले होते. प्रणाली भिंतीला टेकून, विस्कटलेल्या केसांनी.

"कावीळ होऊन उठलेल्या माणसाले भरलं वांगं कोन देते?" जानराव बोलत होते. "इतकं तेल, इतकं तिखट. शिकल्या-सवरल्या पोरी तुमी, डोक्सं वापरा ना जरा."

"मी हजारदा सांगितलं हिला," पियुष म्हणाला. "साधं दे, साधं दे. आई मागते म्हणून द्यायचं असतं का?"

माधवीला पाहून पियुषने आवाज खाली आणला. "ताई, तुम्ही कशाला त्रास घेतला? शाळा सोडून आलात." त्याने तिच्या हातातला थर्मास घेतला. "बरं झालं, चहाची गरजच होती."

दारातून डॉक्टर बाहेर आले. त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की काय काय खाल्लं होतं? बाहेरचं काही? लाळ फार सुटते आहे, घामही येतोय."

"काही नाही सर," प्रणाली म्हणाली. "घरचंच. वांगी पण घरचीच, यांच्या गच्चीवरची. औषध नसलेली."

"औषध होतं," माधवी म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक निघाला की डॉक्टरांनी "काय?" म्हणून विचारलं. तिला ते सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

"वांग्यांवर औषध मारलं होतं मी. बुधवारी. कपाशीवर मारतात ते. माझ्या भावाने पंधरा दिवस तोडू नको म्हणून सांगितलं होतं."

"नाव काय औषधाचं?"

नाव तिला माहीत नव्हतं. बाटलीवर शीतपेयाचं नाव होतं. तिने शिवमला फोन लावला. त्याने उचलला, आणि ती एवढंच म्हणू शकली, "त्या औषधाचं नाव डॉक्टरांना सांग." फोन डॉक्टरांकडे देताना तिला पलीकडून शिवमचा आवाज ऐकू आला, "कोनी खाल्लं का व, ताई? ताई?" डॉक्टर बोलत बोलत आत गेले. आत धावपळ झाली. नर्सने सलाईनची बाटली बदलली.

जानरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. पियुष थर्मासकडे पाहत होता. ललित माधवीकडे पाहत होता, आणि तो काय आठवत असेल ते तिला कळत होतं: चार दिवस स्वतःच्या ताटात आलेला बटाटा.

पहिली बोलली ती प्रणाली. तिने आवाज चढवला नाही. "ताई, काल तुम्ही आमच्या घरी उभ्या होत्या. आई जेवत होत्या तेव्हा."

"हो," माधवी म्हणाली.

प्रणाली आणखी काही म्हणेल म्हणून ती थांबली. प्रणाली उठून आत सासूजवळ गेली.

तानुबाई वाचल्या. दोन दिवसांनी त्यांना घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, औषधामुळेच झालं की आधीच नाजूक झालेल्या लिव्हरला तेल-तिखट सोसलं नाही, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. दोन्ही असेल. वेळेवर सांगितलंत म्हणून उपचार नेमका करता आला. 'वेळेवर' हा शब्द त्यांनी सहज वापरला होता. तो ऐकून माधवीने मान खाली घातली.

बायकांनी हळदीकुंकवाची रोपं त्याच झाडांच्या शेजारून नेली होती. म्हणून सगळ्यांसमोर कबूल केलं त्याच दिवशी दवाखान्यातून येऊन तिने ग्रुपवर लिहिलं: 'मी वांग्यांवर विषारी औषध मारलं होतं आणि ते लपवलं. कोणी वांगी नेली असतील तर खाऊ नका. रोपंही फेकून द्या. तानुबाई माझ्यामुळे दवाखान्यात आहेत.' पाठवण्याआधी तिने 'माझ्यामुळे' हा शब्द एकदा पुसला आणि पुन्हा लिहिला. कोणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाजवळ तीन रोपं आणून ठेवलेली होती, तिच्याच कागदी कपांत. साधनाताईंचा फोन आला. त्या रागावतील अशी माधवीची अपेक्षा होती, पण त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या एका बोलण्याचं तू एवढं मनावर घेतलंस का गं?" माधवीला ते रागावण्याहून जड गेलं, कारण दोष पुन्हा दुसऱ्याच्याच अंगावर जाऊन पडत होता. "नाही ताई," ती म्हणाली. "तुमचं काही नाही त्यात."

ललित तिच्याशी आवश्यक तेवढंच बोलत होता. एकदा फक्त म्हणाला, "मला तरी सांगायचं." वांग्याची झाडं तिने मुळासकट उपटली. कुंडीतली माती कुठे टाकायची कळेना, म्हणून शिवमलाच विचारलं. या वेळी त्याने सांगितलं तसं, तेवढंच केलं.

तानुबाई घरी आल्यावर दोन दिवस गेले, मग माधवी त्यांच्याकडे गेली. त्या अंगणात खुर्चीवर होत्या, अंगावर शाल. माधवी त्यांच्या पायाशी खाली बसली आणि पायांना हात लावायला गेली. तानुबाईंनी पाय मागे घेतले.

"पाय नको धरू. मले सांग, बोलली काहून नाही?"

"लाज वाटली, मावशी."

"मले वास आला होता ना त्या दिवशी. सारी जिंदगी नाकात गेला तो वास. पन तू म्हनली फिनाईल, मी म्हनलं असन. मास्तरीन खोटं काहून बोलन?" दमून त्यांनी शाल सावरली. "तू बोलली असती तं मी काय तुले खाल्ली असती का? वांगं बाजूले ठेवलं असतं, झालं."

माधवी रडायला लागली.

"माह्यापाशी रडून काय होते? मी तं मेली नाई," तानुबाई म्हणाल्या. "त्या पोरीनं माह्या पोराचं बोलनं आयकलं, भावाचं आयकलं. रातभर माह्यासाठी जागली, अन् वरून सारे तिलेच बोलले. तिच्यापाशी जा."

प्रणाली आत भांडी घासत होती. नळाचा आवाज येत होता. माधवी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. "प्रणाली," तिने हाक मारली. नळ चालूच राहिला. तिने पुन्हा हाक मारली नाही. तशीच परत आली.

शाळेत नववीच्या वर्गात तिने मुलांना सांगितलं की गच्चीवरच्या बागेबद्दल मी जे सांगितलं होतं ते पूर्ण खरं नव्हतं, आणि काय झालं ते थोडक्यात सांगितलं. मागच्या बाकावरची करिश्मा नावाची मुलगी म्हणाली, "मॅडम, मग आजी बऱ्या झाल्या का?" तेवढा एकच प्रश्न आला. माधवी हो म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

मार्चमध्ये उन्हं तापायला लागली. माधवी गच्चीवर जात होती. पालक होता, पुदिना होता, त्यांना पाणी लागायचंच. फोटो काढणं सुटलं होतं. कोणाला काही द्यायची तिची हिंमत होत नव्हती आणि कोणी मागतही नव्हतं.

एका संध्याकाळी नाक्यावरच्या भाजीच्या ठेल्यावर ती गवार निवडत होती, तेव्हा शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. प्रणाली होती. दोघींनी एकाच वेळी एकमेकींना पाहिलं. ठेलेवाला पार्वताबाई नावाच्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी भावावरून वाद घालत होता, त्यामुळे निघूनही जाता येईना.

"मावशी कशा आहेत?" माधवीने विचारलं.

"बऱ्या आहेत. वलगावला गेल्या मामांकडे. जेवतात आता."

"प्रणाली, मी त्या दिवशी..."

"ताई, नको." प्रणालीने टोपलीतली एक काकडी उचलली आणि परत ठेवली. "मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. मी अजून नाही ऐकू शकत. जेव्हा जमेल तेव्हा मीच येईन. नाही जमलं तर नाही येणार."

आधीची माधवी असती तर तिने काहीतरी बोलून ती जागा भरली असती. समजावलं असतं, कारणं दिली असती.

"बरं," ती म्हणाली.

प्रणालीने काकड्या घेतल्या, पैसे दिले आणि गाडीवर बसून गेली. माधवी तिथेच उभी राहिली. ठेलेवाल्याने विचारलं, "बाई, तुमाले काय देऊ?" "मला माहीत नाही, थांबा जरा," ती म्हणाली आणि पुन्हा गवार निवडू लागली.